हिवरदऱ्यातलं ओंजळभर पाणी

विनोद रणपिसेचं नाक गेलं त्याला चार महिने होऊन गेले होते, आणि ही गोष्ट त्याच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हती.

डिसेंबरात आठवडाभर ताप आला होता. ताप उतरला, खोकला गेला, तोंडाला थोडीफार चव आली. वास मात्र परत आला नाही. आधी त्याला वाटलं, सर्दी आहे, सुटेल. मग एकदा बायको, माया, शेजारी गेलेली असताना गॅसवरचं दूध उतू जाऊन करपलं. विनोद तिथंच दोन हातांवर पेपर वाचत बसला होता. घरभर धूर झाला तेव्हा कुठं त्यानं मान वर केली. मायानं विचारलं, तुम्ही होता कुठं? तो म्हणाला, फोनवर होतो. खोटं बोलायची सुरुवात त्या दिवशी झाली. मग ते रोज थोडं थोडं बोलावंच लागलं. भाजी कशी झालीय, लेकीच्या, दीक्षाच्या, शाळेच्या डब्याला आंबूस वास येतोय का, नवी अगरबत्ती आवडली का. तो सगळ्याला हो म्हणायचा.

घरात हे निभत होतं. कामावर निभणारं नव्हतं. विनोद कुरकुंभच्या एमआयडीसीत एका औषधाच्या कारखान्यात ऑपरेटर होता. ठेकेदाराकडे सात वर्षं काढल्यावर मागच्या दिवाळीत तो पर्मनंट झाला होता. दौंडहून कंपनीची बस, तीन पाळ्या, रिअॅक्टर, पंप आणि मैलभर पाइप. त्या पाइपांतून सॉल्व्हंट, म्हणजे चटकन पेटणारं रसायन, फिरायचं. गळती झाली की वाजणारी यंत्रं भिंतीवर होती, पण ती वाजतात हवेत बरंच काही मिसळल्यावर. त्याच्या आधीचं काम नाकाचं. वास बदलला की जुना ऑपरेटर हातातला चहा खाली ठेवून उठतो, हे नव्या पोरांना विनोदनंच शिकवलं होतं.

फेब्रुवारीत एकदा पहिल्या पाळीला तो पंपाजवळ उभा राहून रीडिंग लिहून घेत होता. त्याच्याबरोबर सहा वर्षं काम करणारा खंडू वरून जिना उतरत आला आणि अर्ध्या जिन्यातच थांबला.

"आरं, केवढा वास मारतोय. तुला येईना व्हय?"

पंपाचं सील गेलं होतं. विनोदच्या बुटांपासून वीतभर अंतरावर ओल पसरत आली होती. पंप बंद केला, माणसं लांब केली, पाळी सुटायच्या आत सील बदललं. कुणाला काही झालं नाही. विनोद म्हणाला, माझ्या तोंडाला मास्क होता. खंडूनं त्याच्या गळ्यात लोंबणाऱ्या मास्ककडे एकदा पाहिलं आणि विषय तिथंच सोडून दिला.

तेव्हापासून विनोदचा पाय एका जागी ठरेना. पाळीत ठरलेल्या फेऱ्यांच्या दुप्पट फेऱ्या तो मारायचा, प्रत्येक जोडावर बोट फिरवून ओल आहे का बघायचा, यंत्राचे आकडे पुन्हा पुन्हा वाचायचा. लोक म्हणायला लागले, पर्मनंट झाल्यापासून रणपिसे लईच कामाचा झालाय. घरी आल्यावर गॅसचं बटण चारदा बघायचा. जेवताना अर्ध्यात उठायचा. दीक्षानं काही विचारलं की वसकन अंगावर जायचा आणि मग तिला उगाच दुकानात घेऊन जायचा. जूनमध्ये कंपनीची वार्षिक वैद्यकीय तपासणी होती. त्यात नाक बघतात की नाही, हे कुणाला विचारायचीसुद्धा त्याला भीती वाटत होती.

अशात एप्रिलच्या शेवटी सासऱ्यांचा फोन आला. मच्छिंद्र ओव्हाळ निमोण्याला राहायचे. सगळी हयात त्यांनी वनखात्यात मजूर म्हणून काढली होती आणि चार वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले होते. निमोण्याच्या पलीकडे डोंगराच्या कुशीत हिवरदरा नावाचं राखीव रान आहे. तारेचं कुंपण, खात्याची पाटी, आत जायला परवानगी. त्या रानात खोल एका घळीत बारमाही जिवंत झरा होता. उन्हाळ्यात आसपासच्या सगळ्या जनावरांचं तेवढंच पाणी. त्यातला गाळ दर उन्हाळ्यात मच्छिंद्र काढायचे. नोकरीत होते तेव्हा काढायचे आणि निवृत्त झाल्यावरही काढायचे. पण या वर्षी त्यांचा गुडघा धरला होता, आणि त्या रानाच्या बीटावरच्या वनरक्षक सुलक्षणाताईंनी सांगितलं होतं, रानात बिबट्याचा वावर आहे, एकट्यानं जायचं नाही, कुणीतरी बरोबर असेल तरच परवानगीचा कागद देईन. म्हणून त्यांनी मुलीला विचारलं होतं, पाव्हण्यांची सुट्टी कवा असते.

विनोदला जायचं नव्हतं. मायानं त्याचं ऐकून घेतलं आणि मग शांतपणे सांगितलं, तुम्ही चार महिने घरात असून नसल्यासारखे वागताय; एक दिवस रानात तरी जाऊन या, आम्हालाही जरा श्वास घेऊ द्या. त्यानं सासऱ्यांना बुधवार कळवला.

बुधवारी तांबडं फुटताच तो मोटरसायकलवर निघाला. भीमेचा पूल ओलांडला, मांडवगण फराट्याच्या उसातून गाडी नेली, आणि पुढं हिरवं संपून माळ लागला तेव्हा ऊन चटकायला लागलं होतं. सासूबाईंनी, सगुणाबाईंनी, चहा दिला, भाकरी बांधून ठेवलीच होती. विनोदनं उभ्याउभ्याच चहा घेतला. दुपारच्या आत परत निघायचं असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. का, ते त्याला सांगता आलं नसतं. दौंडला त्याचं काहीएक काम नव्हतं.

कुंपणाच्या फाटकापाशी मच्छिंद्रांनी ताईंना फोन केला, आत जातोय म्हणून सांगितलं, आणि दोघं चालू लागले. विनोदच्या खांद्यावर खोरं आणि घमेलं, हातात बादली. मच्छिंद्र काठी टेकत मागून. रान म्हणजे काही मोठाली झाडं नव्हती. हिवर, बोर, खैर, मधेच खात्यानं लावलेली गिरिपुष्पाची ओळ, आणि खाली वाळून पिवळं पडलेलं गवत. मच्छिंद्र दर पन्नास पावलांवर थांबायचे. इथं रात्री साळिंदर गेलंय, काटा पडलाय बघा. ही खोकडाची विष्ठा. विनोद हां हां म्हणायचा आणि पुढं निघायचा. पुन्हा मागं वळून सासऱ्यांची वाट बघत उभं राहावं लागायचं, आणि उभं राहिलं की खिशातला मोबाइल काढून बघितला जायचा. त्यावर रेंजची एक दांडी दिसत होती, मग तीही गेली.

"पाव्हणं, घाई न्हाई," मच्छिंद्र म्हणाले. "पानी कुठं पळून चाललंय?"

एका वळणावर त्यांनी नाक वर करून दीर्घ श्वास घेतला आणि विचारलं, करंज फुललाय वाटतं खालच्या अंगाला, वास येतोय का? विनोद म्हणाला, येतोय ना, छान येतोय. मच्छिंद्रांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. फक्त काठी जरा जोरात टेकली.

घळीच्या तोंडाशी त्यांचा गुडघा अडला. एका हिवराखाली ते टेकले आणि म्हणाले, पाच मिनटं दम खाऊ. विनोदला पाच मिनिटं बसवेना. तुम्ही या सावकाश, मी पुढं होऊन बघतो, असं म्हणून तो दगडांवरून उतरत गेला. मागून त्यांनी काहीतरी हाक दिली, ती त्याला ऐकूनही न ऐकल्यासारखी झाली.

घळीत एकदम गार होतं. काळ्या कातळाचं एक छप्पर पुढं आलेलं, त्याच्या वर उंबराच्या मुळ्या लोंबत होत्या, आणि कातळ जिथं मुरमाला टेकत होता तिथून करंगळीएवढी धार कपारीतून उतरत खाली दगडाच्या खळग्यात पडत होती. खळगा गुळाच्या काहिलीएवढा असेल. तळाला गाळ, पानं; पण वरचं पाणी निवळशंख. कुठं तरी माश्या घोंघावत होत्या. पाण्यावर मधमाश्या येतात, तशाच असतील असं त्याला वाटलं. रस्त्याची धूळ घशात बसली होती, बाटलीतलं पाणी तापलं होतं. त्यानं बादली ठेवली, गुडघे टेकले, धारेखाली ओंजळ धरली आणि पिऊन टाकली. पाणी थंडगार होतं. चार महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी बरं वाटलं. त्यानं दुसरी ओंजळ भरली.

"पाव्हणं, पिऊ नका. टाका ते."

मच्छिंद्र घळीच्या तोंडाशी उभे होते. खांद्यावरचा टॉवेल त्यांनी नाकातोंडावर दाबून धरला होता. विनोद ओंजळ तशीच धरून त्यांच्याकडे बघत राहिला. पाणी बोटांतून गळून गेलं.

म्हातारा दगडांना धरत खाली आला, त्याला ओलांडून कातळाच्या बाजूनं वर चढला आणि कपारीत डोकावून बघून लगेच मागं सरला. विनोदही वर चढला. जिथून पाणी उगम पावत होतं त्या कपारीत एक चिंकारा मादी मरून पडली होती. तीन-चार दिवस झाले असावेत. पोट फुगून फुटलं होतं, डोळे गेलेले, मान खाली पाण्यात, आणि पाणी तिच्या तोंडाला, गळ्याला वळसा घालून खाली जात होतं. माश्यांचा काळा थर उठला आणि पुन्हा बसला. विनोदला ते सगळं काचेपलीकडून बघावं तसं दिसत होतं. वास नाही. मच्छिंद्रांच्या डोळ्यांतून मात्र पाणी यायला लागलं होतं.

त्यांनी आधी विनोदला खाली नेलं आणि घशात बोटं घालायला लावली. बाटलीतलं सगळं पाणी पाजलं, पुन्हा ओकायला लावलं. मग घळीच्या बाहेर आणून सावलीत बसवलं आणि स्वतः समोर बसले.

"पार त्या हिवरापतुर वास येत होता," ते म्हणाले. "म्या हाक मारली, थांबा म्हणून. तुम्ही तर आत जाऊन प्यायलात."

"सर्दी झालीय, मामा."

"सर्दी झालेल्या मानसाचा श्वास असा चालत न्हाई. आन् मगाशी तुमचं ध्यान कुठं हाय बघायला करंजाचं इचारलं तवा व्हय म्हणालात. या दऱ्यात करंज न्हाईच."

विनोदला राग आला. पकडलं गेल्याचा राग. त्याला उठून जावंसं वाटलं, आणि तो उठलाही. दोन पावलं गेला, परत आला, पुन्हा बसला. मग त्यानं सगळं सांगून टाकलं. ताप, दूध, पंप, खंडू, मास्क, जूनची तपासणी. सांगताना तो हातातल्या काटकीचे तुकडे करत होता.

"तुमच्या पाळीला कोन कोन असतं?" मच्छिंद्रांनी विचारलं.

विनोदला या प्रश्नाचा रोख कळला नाही. तो सांगू लागला. खंडू. वरच्या मजल्यावर भिमाजी, त्याचं वर्षापूर्वीच लग्न झालंय. बिहारकडचे दोघं भाऊ. लॅबमधून नमुने न्यायला येणारी एक मुलगी. इनचार्ज रविराज सर. नावं घेता घेता त्याचा आवाज बारीक होत गेला.

"ह्या लोकास्नी म्हाइत हाय का, त्यांची राखन तुमच्या नाकावर हाय म्हणून?"

"सात वर्षं लागली मला पर्मनंट व्हायला, मामा. तुम्हाला काय सांगायचं. प्लँटवरून काढलं तर कुठं टाकतील, ठेवतील का न्हाई, कुणाला ठाऊक."

"मला एकोनीस लागली," मच्छिंद्र म्हणाले. "मला म्हाइत हाय ते काय असतं. म्या तुम्हाला आसं करा, तसं करा सांगनार न्हाई. तुमच्या त्या कारखान्यातलं मला काय कळतंय. पर आज हितं म्या मागनं आलो म्हणून एकाच ओंजळीवर भागलं."

नंतर ते कामाचं बोलू लागले. मेलेल्या जनावराला खात्याचा माणूस आल्याशिवाय हात लावायचा नसतो. चिंकारा असला तर मुळीच नाही. ताईंना कळवायला हवं होतं आणि फोनला रेंज फक्त वरच्या डोंगरधारेवर मिळत होती. मच्छिंद्रांना ती चढण होणारी नव्हती. विनोद एकटाच वर गेला.

धारेवर वारा होता. खाली लांबवर उसाचा हिरवा पट्टा दिसत होता, त्याच्या पलीकडे धुरकट दौंडची दिशा. त्यानं सुलक्षणाताईंना फोन लावला. ताईंनी जागा विचारली, जनावर किती दिवसांचं वाटतं ते विचारलं, आणि सांगितलं, जनावरांच्या डॉक्टरांना घेऊन वणवा अडवायला मोकळ्या ठेवलेल्या जाळरेषेच्या रस्त्यापर्यंत गाडीनं येते, दोन तास लागतील, तोवर कशाला हात लावू नका आणि मामांना उन्हात बसू देऊ नका.

फोन ठेवल्यावर खाली उतरायला हवं होतं. तो उतरला नाही. धारेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यानं चार येरझारा घातल्या. मग त्यानं मायाला फोन लावला आणि ती हॅलो म्हणायच्या आतच बोलायला सुरुवात केली, कारण थांबला असता तर त्याच्यानं सांगवलं नसतं.

त्याला वाटलं होतं, ती रडेल, किंवा काळजीनं विचारत बसेल. ती भयंकर चिडली होती, पण आवाज चढला नव्हता.

"मी शिवणाच्या क्लासला जाते तवा दीक्षाला तुमच्यापाशी ठेवून जाते," ती म्हणाली. "रोज दोन तास. गॅस चालू राहिला असता तर तुम्हाला कळलं असतं का?"

"म्हणून तर मी बटण बघत होतो, चार चारदा."

"मला सांगायचं होतं ना. मी चारदा बघितलं असतं. तुम्हाला वेड लागायची पाळी आली आणि मला वाटलं, तुमचं बाहेर काहीतरी चाललंय." ती थांबली. मग म्हणाली, "प्यायलात ते पडलं का सगळं बाहेर? माझ्या आबांना विचारा आणि संध्याकाळी डॉक्टरकडं जाऊन मगच घरी या."

तिनं फोन ठेवला. विनोद तिथंच दगडावर बसून राहिला. तिच्या मनात असलं काही आलं असेल हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. स्वतःच्या भीतीत तो इतका गुंतला होता की घरात दुसरं एक माणूस त्याच चार महिन्यांत एकटंच झुरत होतं, हे त्याला दिसलंच नव्हतं.

ताई आल्या तेव्हा दुपार कलायला लागली होती. पस्तिशीच्या, खाकी कपड्यांतल्या, चेहऱ्याला ओढणी गुंडाळलेली. त्यांनी फोटो काढले, मोजमाप घेतलं, कागदावर मच्छिंद्रांची आणि विनोदची सही घेतली. मादीच्या मागच्या पायावर दातांच्या खुणा होत्या. ताई म्हणाल्या, हे बिबट्याचं काम नाही. भटकी कुत्री मागं लागली असणार, जखमी होऊन पाण्याला आली आणि कपारीत अडकली. आता तिला ताडपत्रीत घालून वर जाळरेषेपर्यंत न्यायचं होतं. डॉक्टर तिथंच थांबले होते; त्यांनी तपासलं की मग जाळायचं. ताईंबरोबर आलेला मजूर कपारीपाशी गेला आणि उलट्या करत परत आला. ताईंनाही तोंड फिरवावं लागलं.

"मी काढतो," विनोद म्हणाला.

त्यानं हातमोजे घातले आणि कपारीत शिरला. तिच्या आखूड शिंगांच्या बुडाला धरून मान अलगद पाण्याबाहेर काढली. मादीचं वजन काहीच नव्हतं, वाढलेल्या पोरीएवढंसुद्धा नाही. हाताला ती लिबलिबीत लागत होती, तरी त्यानं घाई केली नाही. ओढली तर तुटेल आणि पाण्यात आणखी घाण पडेल, हे त्याला दिसत होतं. ताडपत्रीवर तिला नीट निजवून त्यानं गाठ मारली, गाठीतून मच्छिंद्रांची काठी ओवली, आणि काठीची दोन टोकं धरून तो आणि मजूर असे दोघं मिळून ती चढणीनं वर घेऊन गेले. मजुरानं सबंध वाट तोंड फिरवून ठेवलं. ताईंनी विचारलं, तुम्हाला काहीच कसं होत नाही? विनोद म्हणाला, मला वास येत नाही. हे त्यानं आज तिसऱ्यांदा सांगितलं होतं आणि या वेळी सांगताना त्याची मान खाली गेली नाही.

मग झऱ्याचं काम राहिलं होतं. खळग्यातलं सगळं पाणी बादलीनं उपसून लांब मुरमात ओतलं. गाळ घमेल्यांनी काढला. कपार खोऱ्यानं खरवडली, सडलेली पानं, केस, सगळं वेचलं. मच्छिंद्र काठावर बसून सांगत होते, ह्या दगडाच्या मागं बोट घाला, तिथं मूळ आलं आसंल, ते वडू नका, कापा. रिकाम्या खळग्यात धार पडायला लागली तेव्हा पहिलं पाणी गढूळ आलं. तेही उपसलं. दुसऱ्यांदा उपसलं. तिसऱ्यांदा भरायला लागलं तेव्हा मच्छिंद्रांनी वाकून वास घेतला, बराच वेळ घेतला, आणि म्हणाले, अजून दोन दिस वाहू द्यायचं. मग जनावरं आपसूक येत्याल.

विनोदला निघताना साडेपाच वाजून गेले होते. दुपारच्या आत परतायचं असं ठरवलं होतं, हे त्याच्या ध्यानातही नव्हतं. सगुणाबाईंनी अंगणात चुलीवर पाणी तापवून ठेवलं होतं. त्यांनी त्याला तीनदा साबण लावायला लावला आणि तरी जेवायला जरा लांबच बसवलं.

मायानं सांगितल्याप्रमाणे वाटेत डॉक्टरांना दाखवून तो घरी आला, तरी दोन दिवस पोट बिघडून पडून होता. माया औषध द्यायची, ताट द्यायची, कामापुरतं बोलायची. दुसऱ्या दिवशी तिनं नाकाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, येईलही, न येईलही. वर्षही लागू शकतं. शनिवारी पहिल्या पाळीला बसमध्ये खंडूच्या शेजारची जागा रिकामी होती. विनोद तिथं बसला आणि बस कुरकुंभला पोचेपर्यंत त्यानं त्याला सगळं सांगितलं. खंडू खिडकीबाहेर बघत ऐकत होता.

"मास्क गळ्यात व्हता तुझा," शेवटी तो म्हणाला. "मी बघितलं व्हतं. मला वाटलं, झोपला असशील, म्हणून बोललो न्हाई. मीपण बोलायला पायजे व्हतं." आणि उतरताना मागं न बघता पुढं निघून गेला.

रविराज सरांच्या केबिनमध्ये दहा मिनिटं लागली. सरांनी पंपाची तारीख विचारली, रजिस्टर काढून बघितलं, पेन बंद करून टेबलावर ठेवलं. तेव्हाच का नाही बोललास, एवढंच त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता एक कोरा कागद पुढं केला. विनोदनं लिहून दिलं. सर म्हणाले, आजपासून प्लँटवर पाय ठेवायचा नाही. पुढचं वरचे ठरवतील, नोकरीचं मी काही सांगू शकत नाही. तीन आठवडे तसेच गेले. रोज गेटवर हजेरी लावायची, ऑफिसबाहेरच्या बाकावर बसायचं, संध्याकाळी बसनं परत. त्या तीन आठवड्यांत त्याला बसवत मात्र होतं. भीती होतीच, पण ती आता समोर होती, आणि घरी ती सांगायला माणूस होतं. माया पुन्हा बोलायला लागली होती. तिनं घरात गॅससाठी वाजणारं यंत्र आणून भिंतीला लावलं होतं आणि दीक्षाला ते वाजलं की काय करायचं ते पाठ करून घेतलं होतं.

जूनच्या पहिल्या सोमवारी त्याला पॅकिंगला पाठवलं. नोकरी राहिली, ऑपरेटर हे नाव गेलं. पॅकिंगच्या लांब शेडमध्ये बहुतेक बाया होत्या. त्यांच्यातल्या सगळ्यांत जुन्या विठाबाईंकडे त्याला सोपवलं. खोकी जोडायची, पिशव्या भरायच्या, टेप मारायची, शिक्का मारायचा. विनोदनं पहिल्याच अर्ध्या तासात वीस खोकी उरकली. सगळ्यांची टेप वाकडी गेली होती.

विठाबाईंनी ती एका बाजूला सारली, त्याच्या हातातून टेपचा रोल घेतला आणि एक खोकं पुढं ओढलं.

"मागं कोन लागलंय का तुमच्या?" त्यांनी विचारलं.

"न्हाई," विनोद म्हणाला.

"मग बघा हिकडं." त्यांनी टेपचं टोक खोक्याच्या कडेला चिकटवलं, अंगठ्यानं दाबलं आणि सावकाश, सरळ रेषेत ओढत नेलं. विनोदनं पुढचं खोकं घेतलं.